सहा गाणी, दोन ब्रेक: काकूनं रेडिओची स्पर्धा कशी मारली

नियमांपासूनच सुरू करतो कारण सगळी गंमत नियमांतच आहे. इंदूरच्या एका एफएम स्टेशननं (नाव मुद्दाम लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला) रात्री नऊ ते दहा हा तास श्रोत्यांच्या हवाली करायचं ठरवलं. सहा गाणी निवडायची, सगळी हिंदी सिनेमातली. सिनेमा रिपीट नको, संगीतकारही रिपीट नको. सहाही गाण्यांतून एक धागा गेला पाहिजे, तो स्टेशनला आधी लिहून द्यायचा पण बाकी कोणाला सांगायचा नाही, ऐकणारे मेसेज करून ओळखणार. आता मेख बघा. तिसरं गाणं संपायच्या आत कोणी बरोबर ओळखलं तर यादी बाद, फारच सोपी होती म्हणून. सहावं गाणं सुरू होईपर्यंत कोणालाच जमलं नाही तरी बाद, कारण मग ते कोडं फक्त तुमच्या डोक्यात होतं. मधे जे उरतील त्यांत ज्याचा धागा सर्वांत उशिरा सुटेल तो जिंकला. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, तासात जाहिरातींचे दोन ब्रेक असतील, ते कोणत्या गाण्यानंतर घ्यायचे ते यादी पाठवणाऱ्यानं कळवावं.

ही शेवटची ओळ बहुतेकांनी वाचून सोडून दिली असणार. काकूनं नाही सोडली.

काकू म्हणजे माझी सख्खी काकू, रामबागेत राहते, गाण्यात विशारद, वर्षानुवर्षं घरीच मुलींना शिकवत आली. काका बँकेतून रिटायर, नाट्यसंगीताचे भक्त, घरात रेडिओ मालवा हाउसचा म्हणजे आमच्या आकाशवाणीचाच लागतो, २००१ मध्ये इंदुरात खाजगी एफएम आलं तेव्हा "हे फार बोलतात" म्हणून काकांनी जे बंद केलं ते जवळजवळ बंदच. त्यामुळे काकूला स्पर्धेचं कळलं ते क्लासच्या मुलींकडून, आणि यादी टाइप करायला म्हणून मला बोलावलं, म्हणून हे सगळं मला आतून माहीत आहे.

फायनलला चार याद्या आल्या, सोमवार ते गुरुवार रोज एक. बाकीच्या तिघांचं काय झालं ते आधी सांगतो, त्याशिवाय काकूनं काय केलं ते नीट कळणार नाही.

सोमवारची यादी "इंदूर" होती. आता यात वाईट काही नाही, माल भरपूर आहे आपल्याकडे, लताबाई इथेच जन्मल्या १९२९ मध्ये, अमीर खाँसाहेब इथले, जॉनी वॉकर मूळचा इथला. पण पहिलंच गाणं खाँसाहेबांचं, 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), आणि दुसरं जॉनी वॉकरवरचं 'सर जो तेरा चकराए'. अरे भिया, इंदूरच्या स्टेशनवर इंदूरच्या लोकांना हे दोन सलग ऐकवले तर दुसऱ्याच्या अंतऱ्याआधी मेसेज येणार नाही तर काय होणार? आलाच. बाद.

मंगळवारची यादी कोणीतरी फार हुशार माणसानं केली होती. सहा गाणी, अगदी वेगवेगळ्या काळातली, एक उडतं एक रडकं, कोणालाच काही कळेना, लोक रंग म्हणाले, रेल्वे म्हणाले, चंद्र म्हणाले. सहावं संपल्यावर आरजेनं उत्तर वाचलं: ही सगळी गाणी ज्यांच्यावर चित्रित झाली ते पुढे लोकसभेत गेले. सुनील दत्त, राजेश खन्ना, विनोद खन्ना, धर्मेंद्र, हेमामालिनी, अमिताभ. माहिती शंभर टक्के खरी, पण रेडिओवर चेहरा दिसतो का? धागा कानात पाहिजे, आणि हा होता डोळ्यात, तोही निवडणुकीच्या बॅनरवर. बाद.

बुधवारची यादी मला मनापासून आवडली, अजूनही वाटतं की कल्पना म्हणून तीच चारांत उत्तम होती. माउथ ऑर्गन. प्रत्येक गाण्यात तो कुठेतरी वाजतो. 'है अपना दिल तो आवारा' (सोलवा साल, १९५८) ज्यात तो आर. डी. बर्मननी वाजवलाय, मग १९६४ च्या 'दोस्ती'तलं एक, त्यातही वाजवणारे पंचमच (म्हणजे हेच आर. डी.), संगीत मात्र लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. ऐकूनच सुटणारं कोडं, रेडिओचंच कोडं. चौथ्या गाण्यात कोणीतरी पकडलं, म्हणजे नियमात बसलं. पण एक गोष्ट त्या रात्रीच मला खटकली, ती सहा गाणी उलटसुलट कशीही लावा, काहीच फरक पडत नव्हता. दुसरं पाचवं करा, शेवटचं पहिलं करा, तेच. गाणी एका पिशवीत होती, एका माळेत नव्हती.

आता काकूची यादी, जशी पाठवली तशी:

पंख होती तो उड आती रे (सेहरा, १९६३, रामलाल)
जब दीप जले आना (चितचोर, १९७६, रवींद्र जैन)
ब्रेक
हमसे आया न गया (देख कबीरा रोया, १९५७, मदन मोहन)
आधा है चंद्रमा (नवरंग, १९५९, सी. रामचंद्र)
जागो मोहन प्यारे (जागते रहो, १९५६, सलिल चौधरी)
ब्रेक
ज्योति कलश छलके (भाभी की चूडियाँ, १९६१, सुधीर फडके)

स्टेशनला लिहून दिलेला धागा: संध्याकाळ ते सकाळ, एक अख्खी रात्र.

पण काकूच्या वहीत या यादीच्या शेजारी दुसरा कॉलम होता, तो स्टेशनला दिलाच नाही. भूप, यमन, बागेश्री, मालकंस, भैरव, देसकार. म्हणजे रागांचे प्रहर सुद्धा तेच चालतात, दिवेलागणीनंतर भूप-यमन, रात्र चढली की बागेश्री, मध्यरात्र उलटली की मालकंस, पहाटे भैरव, ऊन यायला लागलं की देसकार. आणि त्यात अजून एक खोच, भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध, दोन्हीत म आणि नी नाहीत. संध्याकाळी भूपात गंधारावर (म्हणजे ग वर) जोर, सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात खेळ, सकाळी देसकारात तेच स्वर धैवतावर (ध वर) चढून बसतात. म्हणजे जे पाच स्वर घेऊन रात्र सुरू झाली तेच पाच सकाळी परत आले, फक्त वजन इकडचं तिकडे झालं.

मी म्हटलं, "काकू, हे लिही ना धाग्यात, केवढं भारी आहे."

"आणि ओळखणार कोण? तुझा काका? नियम वाचलास का, कोणीच ओळखलं नाही तर बाद. लोकांना शब्द ऐकू येतात रे. दीप जळला, रात आधी झाली, जागो म्हटलं, तेवढं पुरे. राग आपला खालून चालू राहील, ज्याला लागेल त्याला लागेल."

मला वाटतं सगळ्या प्रकरणात हा निर्णय सर्वांत मोठा. दोन थर ठेवायचे, वरचा सगळ्यांसाठी, खालचा सांगायचाच नाही. खालचा थर काढून टाकला असता तरी ती नियमात बसलीच असती, पण मग "रात्र" या विषयावर कोणतीही सहा गाणी चालली असती आणि ती पण पिशवीच झाली असती. क्रम पक्का झाला तो रागांमुळे.

निवडीचं भांडण तीन-चार संध्याकाळ तरी चाललं, त्यातलं थोडं सांगण्यासारखं आहे. मालकंस म्हटल्यावर मी (आणि कोणीही) पहिलं नाव घेतलं 'मन तरपत हरी दर्शन को आज', बैजू बावरा, १९५२, नौशाद, रफी. काकू म्हणाली नाही. कारण पुढचं गाणं 'जागो मोहन प्यारे' आहे, आधी हरी आणि लगेच मोहन असे दोन सलग आले की सगळं इंदूर "कृष्ण, कृष्ण" म्हणून मेसेज करत बसणार आणि खरा धागा कोणाच्या हातीच लागणार नाही. शिवाय तलतच्या त्या मऊ गाण्यानंतर (तिसरं, 'हमसे आया न गया') एवढं मोठं भजन आलं तर माणूस हात जोडून बसतो, रात्र पुढे सरकत नाही. बागेश्रीसाठी तिला स्वतःला 'राधा ना बोले ना बोले' हवं होतं, आझादमधलं, तिचं फार लाडकं. ते पण गेलं, एक तर परत कृष्ण आणि दुसरं म्हणजे तेही सी. रामचंद्रांचंच, मग नवरंग कापावं लागलं असतं, आणि 'आधा है चंद्रमा'च्या मुखड्यातच रात आधी आहे म्हटल्यावर त्याला हात लावायचाच नव्हता. यमनात 'आँसू भरी है' वर काका अडून बसले होते, दत्ताराम आपले मराठी म्हणून. काकूचं म्हणणं, पुढे तलत येतोच आहे, दोन दुःखं सलग लावली तर लोक स्टेशन बदलतात.

सर्वांत मोठं भांडण शेवटावर. काका म्हणाले, "अगं भैरवीशिवाय मैफल संपते का कुठे? 'लागा चुनरी में दाग' घे, मन्ना डे, रोशन, विषयच संपला."

"अहो पण मला मैफल संपवायचीच नाहीये, मला सकाळ करायची आहे."

यावर काका काही बोलले नाहीत, चहा मागितला. आमच्याकडे याला मान्य करणं म्हणतात.

आता ब्रेकचं. काकू गाणी जोडताना गाणी बघत नव्हती, सांधे बघत होती. सहा गाण्यांत सांधे पाच. भूपातून यमनात जाणं सोपं, आहेत त्या पाच स्वरांत तीव्र म (म्हणजे चढवलेला) आणि नी आले की झालं, कानाला दार उघडल्यासारखं वाटतं. बागेश्रीतून मालकंसात जाणं पण सोपं, ग आणि नी दोन्हीकडे कोमलच (म्हणजे उतरवलेले), म शुद्धच, रे आणि प गळतात आणि ध कोमल होतो, बस. मालकंस ते भैरव ऐकायला लांबचं वाटतं पण कोमल धैवत दोघांत आहे, त्या एका दोरावर माणूस पलीकडे जातो. अडचणीचे सांधे दोनच. एक यमन ते बागेश्री, कारण तिथे ग उतरतो, नी उतरतो, तीव्र म शुद्ध होतो, एकदम तीन स्वर बदलतात, गाण्याला गाणं लावून वाजवलं तर खड्ड्यात चाक गेल्यासारखं होतं. दुसरा भैरव ते देसकार, रे-ध शुद्ध होतात आणि म-नी गायब.

बरोबर, दोन्ही ब्रेक तिथेच टाकले. जे शिवता येत नाही तिथे जाहिरात घाल. मधे दोन मिनिटं कुठल्यातरी बिल्डरचे फ्लॅट आणि पापडाचं जिंगल वाजलं की कान पुसला जातो, मग बागेश्री नवी सुरू होते. मी तर म्हणेन स्टेशनवाल्यांनी स्वतः सुद्धा ब्रेकचा असा विचार कधी केला नसेल, त्यांच्यासाठी ब्रेक म्हणजे पैसे, काकूसाठी ब्रेक म्हणजे स्पंज.

काकांनी यावर एक चांगला मुद्दा काढला होता, तो लिहायलाच पाहिजे. ते म्हणाले तुझं हे सगळं तेव्हा खरं जेव्हा सगळ्यांचा सा एक असेल. एका गायकाची मैफल असेल तर तंबोरा एकच, इथे लता वेगळ्या पट्टीत, तलत वेगळ्या, येसुदास तिसऱ्याच, मग कोमल धैवताचा दोर कुठून आला? अगदी बिनतोड. काकूनं पेटी काढून प्रत्येकाचा सा शोधला आणि शेवटी म्हणाली की हो, पट्ट्या जुळत नाहीत, पण मधे तो आरजे बोलतो ना वीस-तीस सेकंद, तेवढ्यात सा विसरायला होतो, रागाचा मूड नाही विसरायला होत. हे कितपत खरं आहे मला नाही ठरवता येत, मला स्वतःला काकांचा मुद्दा जास्त पटतो. तरीपण गुरुवारी रात्री ऐकताना मालकंस संपून भैरव लागला तेव्हा अंगावर आलं, ते कशामुळे ते काकांनाच विचारा.

गुरुवार. आरजेनं सुरू केलं, "तो भिया, आज की लिस्ट रामबाग से एक आंटीजी की है." पहिल्या गाण्यावर काहीच नाही, लोक लता म्हणाले, पक्षी म्हणाले. दुसरं लागलं आणि मेसेज वाढले, दिवा, प्रकाश, दिवाळी. माझी धाकधूक इथेच होती, "शाम" कोणीतरी म्हणणार आणि तिसऱ्याच्या आत गाडं अडकणार. ब्रेक झाला, तलत सुरू झाला, आणि धडाधड एकच उत्तर यायला लागलं: आना! सगळी गाणी येण्याची आहेत!

आणि खरंच आहेत हो. पहिल्यात पंख असते तर उडून आले असते, दुसऱ्यात दिवे लागले की ये, तिसऱ्यात तर आमच्यानं येववलं नाही आणि तुमच्यानं बोलावलं गेलं नाही. तीन गाण्यांची सरळ एक गोष्ट होते. आरजेलाही वाटलं हेच उत्तर, तो एकदम खुश, पण पाकिटात दुसरंच होतं म्हणून "नही जी नही" करत बसला. त्या खोट्या वाटेनं तिसरं गाणं सुखरूप पार पडलं. गंमत म्हणजे त्याच तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात बघता बघता दिवस ढळून रात्र होते, शब्दात आहे ते, पण लोक "आना" मधे इतके गुंतलेले की कोणी ऐकलंच नाही. काकूला विचारलं, हे ठरवून केलंस का? म्हणाली पहिल्या दोनचं ठरवून. तिसऱ्याचं पण ठरवूनच असं आता सांगते, माझा विश्वास नाही.

चौथ्याला 'आधा है चंद्रमा' लागलं आणि "आना" पडलं. त्यात कोणी येत नाही, कोणी जात नाही. दोन-तीन लोक "चाँद" म्हणाले. मग 'जागो मोहन प्यारे'. हे गाणं निवडण्यामागे शब्द आणि राग सोडून अजून एक कारण होतं, 'जागते रहो' हा अख्खा सिनेमाच एका रात्रीत घडतो, कलकत्त्यात, रात्रभर पाण्यासाठी वणवण केलेल्या राज कपूरला पहाटे या गाण्यावर नर्गिस पाणी देते. ज्यानं सिनेमा पाहिलाय त्याला तिथे धागा सुटायलाच पाहिजे. पण सुटला तो कोणा सिनेमावाल्याला नाही, कॉलेजच्या एका मुलीला, दुसऱ्या ब्रेकमध्ये, मेसेज फक्त एवढाच: शाम से सुबह.

बघा, दुसरा ब्रेक पाचव्यानंतर टाकण्याचा हा दुसरा फायदा. सहावं सुरू होण्याआधी ओळखलं पाहिजे ना, तर विचार करायला लोकांना वेळ तिथेच मिळाला, जास्तीत जास्त उशिरा. गाण्याला गाणं लागून असतं तर त्या पोरीनं टाइप करेपर्यंत ज्योती कलश सुरू झालं असतं आणि काकू बाद. पाचव्यानंतर म्हणजे बुधवारच्या माउथ ऑर्गनपेक्षा एक गाणं उशिरा. जिंकली.

नंतर काकूला फोनवर घेतलं. आरजेनं विचारलं शेवटचं गाणं हेच का, तर काकूनं सांगायला सुरुवात केली की हे लिहिलंय पंडित नरेंद्र शर्मांनी, आणि १९५७ मध्ये ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली ती उभी करणारे पण हेच, मग रेडिओच्या स्पर्धेचा शेवट त्यांच्या गाण्यानं नको का? खाजगी स्टेशनवर विविध भारतीचं एवढं कौतुक चालू झाल्यावर आरजे घाईघाईनं म्हणाला, "वाह आंटीजी, अगला कॉलर."

अगला कॉलर निघाले देवासचे एक गृहस्थ. देवास म्हटलं की मी सावरून बसतो, कुमार गंधर्व राहिले त्या गावात, तिथल्या चहावाल्यालाही मध्यम कळत असेल. ते म्हणाले बाईंनी सहाही राग प्रहरानं लावलेत, फक्त शेवटी चूक केली, पहिला भूप आणि शेवटचाही भूपच, रिपीट झाला. म्हणजे खालचा थर कोणालातरी लागला! काकूला आनंद झाला असेल म्हणता? छे. "भाऊ, गंधारावर कशाला थांबता, धैवत बघा ना, देसकार आहे तो." ते म्हणाले पुस्तकात भूप लिहिलंय. हे खरंय, या गाण्याला कोणी भूप म्हणतात कोणी देसकार, वाद जुनाच आहे. काकू म्हणाली मग होनाजीची भूपाळी तुम्ही रात्री म्हणता का. मधे आरजे, "आंटीजी, धैवत मतलब?" आणि काकूनं लाइव्ह रेडिओवर सा रे ग प ध म्हणून दाखवलं, आधी संध्याकाळचं, मग सकाळचं. देवासवाले म्हणाले हां, असं गायलंत तर देसकार.

बक्षीस म्हणून मिक्सर मिळाला, तो सुनेकडे गेला. स्टेशननं पुढच्या स्पर्धेचे नियम जाहीर केलेत, बाकी सगळं तेच आहे, फक्त ब्रेक कुठे घ्यायचा ते आता स्टेशन ठरवणार.